जे-२४ वर तिघेच असाल तर शर्यतीचा दिवस कसा आखायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुंबई बंदरातल्या रविवारच्या क्लब शर्यतींना तुम्ही जे-२४ ही चोवीस फुटी शिडाची बोट घेऊन उतरता. या बोटीवर सहसा पाच जण असतात, तुमच्याकडे तिघेच जमतात आणि तिघांचं मिळून वजन २०० किलोच्या आसपास भरतं. पहिल्या मार्कपर्यंत (मार्क म्हणजे ज्याला वळसा घालायचा तो बोया) तुम्ही पुढच्या निम्म्या बोटींत असता, तिथून मात्र एकेक बोट पुढे निघून जाते. दोनदा स्पिनेकर (वाऱ्याबरोबर जाताना पुढे लावायचं फुगरं शीड) पाण्यात गेला. म्हणून तुम्ही विचारताय की तिघांनी स्पिनेकर लावावा की नुसत्या जेनोआवर (पुढच्या मोठ्या शिडावर) खाली, म्हणजे वाऱ्याबरोबर, यावं, आणि चौथा माणूस शोधायचाच झाला तर कसा शोधावा.

स्पिनेकरकडे येतोच. त्याआधी तुम्हीच लिहिलेली एक गोष्ट बघा. पहिल्या मार्कपर्यंत तुमचं बरं चाललेलं असतं. म्हणजे बोटीचा वेग, शिडांचं ट्रिम, अंगातली ताकद यांत फार काही कमी नाही. बिघडतं ते मार्कवर. मार्कभोवतीचा झोन तीन बोटींच्या लांबीचा. जे-२४ ची लांबी ७.३ मीटर, म्हणजे झोन साधारण २२ मीटरचा. पाच नॉटने येणारी बोट तो आठ-नऊ सेकंदांत पार करते. तेवढ्यात पोल (स्पिनेकर बाहेर धरणारा दांडा), गाय (पोलच्या टोकाची दोरी), हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी), मेनसेल (मागचं मुख्य शीड) सैल करणं, बॅकस्टे (डोलकाठीला मागून ताणणारी तार) सोडणं, जेनोआ उतरवणं ही सगळी कामं एकदम अंगावर येतात. पाच जणांत ती वाटली जातात आणि तरीही एखादा मान वर करून आजूबाजूला बघत असतो. तिघे असाल तर तिघांच्याही माना खाली जातात. पुढचं अर्धं मिनिट बोटीबाहेर कोणाचंच लक्ष नसतं. मागच्या बोटी नेमक्या तेव्हाच तुमचा वारा अडवून वरून जातात, किंवा ओहोटी तुम्हाला नको त्या बाजूला नेऊन सोडते.

तेव्हा तिघांच्या बोटीवर मी एकच नियम धरून चालतो: कुठल्याही क्षणी एकाची तरी नजर बोटीबाहेर असली पाहिजे. त्यासाठी कामं एकमेकांपासून लांब सरकवायची, काही आधी उरकायची, काही उशिरा करायची, काही सोडूनच द्यायची. पुढे जे लिहितोय ते सगळं या एका नियमातून आलेलं आहे.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. नोटिस ऑफ रेस आणि सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये क्रूच्या संख्येबद्दल काही अट आहे का ते आधी वाचा. तिघांपैकी किती जणांनी स्पिनेकर खरोखर हाताळला आहे, शर्यत फक्त जे-२४ ची आहे की वेगवेगळ्या बोटींची हँडिकॅपवर (बोटीनुसार वेळ जुळवून), यानेही उत्तर बदलतं. मी वाऱ्याचे जे आकडे देतोय ते तुमच्या वजनाच्या, मध्यम अनुभवाच्या तिघांसाठी आहेत.

आदल्या रात्री पाणी बघा

मुंबई बंदरात वाऱ्याच्या आधी पाणी बघायचं. क्रू कमी असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण शर्यतीत पाण्याचा हिशोब करायला कोणी मोकळं नसतं. तो हिशोब घरीच झालेला हवा.

कोकणात चालत आलेला ठोकताळा बहुतेकांना माहीत असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अंदाजासाठी उत्तम आहे. शर्यतीसाठी मात्र अपोलो बंदरचा भरती-ओहोटीचा तक्ताच बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास तक्त्यातली भरती बाराच्या पुढेमागे असते, ठोकताळ्यापेक्षा थोडी उशिरा.

यातून रविवारचं चित्र तयार होतं. उधाणाचा, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या जवळचा, रविवार असेल तर दुपारी एक-दोनला सुटणारी शर्यत पूर्णपणे ओहोटीत होते. सहा तासांत पाणी सारख्या वेगाने जात नाही. पहिल्या तासात बाराव्या हिश्श्याएवढं, दुसऱ्यात दोन बारांश, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे अडीच ते चारच्या दरम्यान ओढ सगळ्यात जास्त. उधाणाला पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो आणि मधल्या तासांत दोन नॉटची ओढ सहज मिळते. दोन नॉट म्हणजे मिनिटाला ६० मीटर. याउलट अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवशी, दुपारची शर्यत भरतीत होते आणि ओढ बेताची असते.

आता त्यावर वारा ठेवा. थंडीच्या दिवसांत सकाळी ईशान्येकडचा मतलई वारा, मग मधे काही काळ सगळं पडल्यासारखं, आणि दुपारी वायव्येचा खारा वारा भरत जातो. वर, म्हणजे वाऱ्याकडे, जाणारा लेग (शर्यतीचा टप्पा) वायव्येकडे असेल तर ओहोटी तुम्हाला डावीकडे आणि थोडं मागे ओढते. उजव्या बाजूने स्टारबोर्ड टॅकवर (वारा बोटीच्या उजव्या कडेवरून घेत) मार्ककडे येणारी बोट मार्कच्या खाली ढकलली जाते. त्यामुळे लेलाईनवर (जिथून वळलं की थेट मार्क गाठता येतो त्या रेषेवर) वळायची घाई करू नका, नेहमीपेक्षा पुढे जाऊन वळा. भरतीत उलट होतं, पाणीच तुम्हाला वर उचलतं, आणि नेहमीच्या जागी वळलात तरी उंची, म्हणजे वाऱ्याकडे कमावलेलं अंतर, फुकट जाते. मार्कखाली अडकून शेवटच्या क्षणी दोन जादा टॅक (वाऱ्यातून वळणं) घेणं पाच जणांना परवडतं. तिघांना त्यानंतर स्पिनेकरची तयारी करायला वेळच उरत नाही.

शहराच्या किनाऱ्याजवळ ओढ कमी असते आणि पाणी आधी फिरतं. पण वायव्येचा वारा तिथे इमारतींवरून येतो, तुटक आणि दिशा बदलत. मिडल ग्राउंड बेटाच्या बाजूला वारा सलग मिळतो, ओढही जास्त. झटपट बदलणाऱ्या वाऱ्यात सतत टॅक मारत बसणं तिघांना झेपत नाही. म्हणून ओढ एक नॉटच्या आत असेल तर मी सलग वाऱ्यात राहतो आणि त्याहून जास्त असेल तरच किनारा धरतो.

मुअरिंगवरचा पाऊण तास

बोट अजून मुअरिंगला बांधलेली असताना करायचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे दोऱ्यांवर खुणा. स्पिनेकर हॅलयार्ड पूर्ण वर गेला की क्लीटपाशी (दोरी अडकवायच्या खुंटीपाशी) येईल तिथे रंगीत धाग्याची गुंडाळी, जेनोआच्या शीटवर (शीड ओढून धरायच्या दोरीवर) हलक्या आणि मध्यम वाऱ्याच्या दोन खुणा, पोलच्या टॉपिंग लिफ्टवर (पोल वर धरणाऱ्या दोरीवर) एक. खूण असली की माणूस वर शीड बघत उभा राहत नाही, हाताला गाठ लागली की काम झालं, मान पुन्हा बाहेर. खर्च जवळपास शून्य आणि फायदा दर लेगला.

तिघांची कामं याच वेळी ठरवून टाका. मी अशी वाटणी करतो. हेल्म (सुकाणू धरणारा): टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, आणि मेनशीट (मेनसेलची दोरी). मधला: जेनोआच्या आणि स्पिनेकरच्या शीट, शिवाय स्टार्टच्या वेळी घड्याळ. पुढचा: पोल, हॅलयार्ड, आणि वर जाताना बाहेरची नजर. डावपेच हेल्मने ठरवायचे असा अनेकांचा समज असतो. तिघांच्या बोटीवर मी ते पुढच्याकडे देतो, कारण वर जाताना एकदा रेलवर (बोटीच्या कडेवर) बसला की त्याच्या हातात दोरी नसते. हेल्मने शिडाकडे आणि समोरच्या लाटेकडे बघावं, मागे वळून बघू नये.

पुढच्याने बोलायचं कसं, तेही ठरवा. "उजवीकडून एक येतेय बहुतेक, बघ जरा" याने हेल्मची मान वळते आणि बोट मंदावते. "स्टारबोर्डची बोट, आठ लांबी, आपण मागून" याने वळत नाही. कोण, किती दूर, आपण काय करणार, या क्रमाने, एका श्वासात.

स्टार्ट

पाच मिनिटांच्या क्रमात दोन नॉटची ओढ बोटीला ३०० मीटर हलवते. ओढ लाईनच्या पलीकडे नेणारी असेल तर शेवटच्या मिनिटात लाईनपासून बरंच खाली राहा. ओढ उलट असेल तर लाईनला चिकटून राहा, नाहीतर हॉर्न वाजल्यावर लाईनपर्यंत पोचायलाच मिनिट जाईल. सराव म्हणून एकदा लाईनजवळ शिडं सैल सोडून मिनिटभर नुसतं वाहत राहा. पाणी किती आणि कुठे नेतंय ते तक्त्यापेक्षा तिथे अचूक कळतं.

कमिटी बोटीच्या (लाईनचं एक टोक असलेल्या आयोजकांच्या बोटीच्या) टोकाला गर्दी असते. तिथे जागा मिळवायला पटापट वेग कमी-जास्त करावा लागतो, आणि मेनशीट व जेनोआ एकाच वेळी हाताळताना पुन्हा तिघांच्या माना खाली जातात. मी लाईनच्या मधल्या तिसऱ्या भागात, खालच्या अंगाला दोन लांबी मोकळी ठेवून सुटायला सांगतो. तिथून लाईन कळत नाही अशी तक्रार असते. त्यावर उपाय म्हणजे आधीच कमिटी बोटीपलीकडून पिनवर (लाईनच्या दुसऱ्या टोकाच्या बोयावर) नजर लावून मागच्या किनाऱ्यावरची एक पक्की खूण हेरून ठेवणं. पिन आणि खूण एका रेषेत आली की तुम्ही लाईनवर. बाकीच्या बोटी अंदाजाने मागे थांबलेल्या असतात, त्यामुळे मधे अर्धी लांबी सहज मिळते.

वर जाताना

पाच जण असले तर बरेच जण १८-२० नॉटपर्यंत जेनोआ ठेवतात. तिघांनी १४-१५ नॉटलाच जिब (जेनोआहून लहान पुढचं शीड) लावावं. बाकीच्यांची मोठी शिडं बघून धीर सुटतो, पण रेलवर तुमचं वजन त्यांच्या निम्मं आहे. आडवी झालेली बोट सुकाणूवर ब्रेक लावून चालते आणि वाऱ्याच्या झोतात हेल्म त्यातच गुंतून पडतो.

टॅक सावकाश घ्या. मधल्याने नव्या बाजूची शीट विंचवर (दोरी ताणायच्या चरखीवर) आधीच एक वेढा देऊन ठेवायची. जेनोआ क्षणभर उलटा भरला की जुनी शीट सोडायची, आणि नव्या बाजूला वारा भरायच्या आत हातानेच जमेल तेवढी ओढून घ्यायची. हेल्मने वळल्यावर पहिल्या दोन-तीन लांबी बोट जरा खाली धरायची, म्हणजे वेग येतो आणि शेवटची वीतभर शीट हँडलने चढवायला मधल्याला वेळ मिळतो. पुढचा जेनोआची खालची कड लाइफलाइनच्या (बोटीच्या कडेच्या संरक्षक तारेच्या) आत घेतो आणि लगेच रेलवर जाऊन बाहेर बघू लागतो. पाच जणांच्या बोटीपेक्षा तुमचा प्रत्येक टॅक थोडा महाग पडणार हे धरूनच आखणी करा. कमी टॅक, लांब टॅक.

आणि प्लास्टिक. बंदरात पिशव्या इतक्या वाहत असतात की वेग कारणाशिवाय अर्धा नॉट पडला तर आधी सुकाणू बघा, मग कीलचा (बोटीखालच्या जड पंख्याचा) विचार करा. स्टार्टच्या आधी तर बोट वाऱ्यात तोंड करून थोडी मागे जाऊ द्याच, अडकलेलं बरंच सुटतं. जाळ्यांचे बोये दिसले तर खालून लांबून जा. ती कुणाच्या तरी रोजच्या पोटाची जाळी असतात, आणि कीलमध्ये अडकलेलं जाळं सोडवायला तीन माणसं पुरत नाहीत.

स्पिनेकर

लावावा. पण कधी, हे नीट बघा. जे-२४ ची पाण्यावरची लांबी सुमारे ६.१ मीटर, त्यामुळे ती सहा नॉटच्या आसपास पाण्यात अडकल्यासारखी होते. १५ नॉटच्या पुढच्या सलग वाऱ्यात नुसती मेन आणि पोलवर बाहेर काढलेलं पुढचं शीड तिला त्या वेगाच्या जवळ नेतात; स्पिनेकरने मिळणारी भर थोडी आणि धोका मोठा. सहा ते बारा नॉटमध्ये मात्र स्पिनेकर नसेल तर तुम्ही उभेच राहता. नशिबाने तिघांना तो सहज हाताळता येतो तोही याच वाऱ्यात. म्हणून तुमच्यासाठी माझी रेघ १५ नॉटवर आहे. लेग खूप आखूड असेल किंवा वारा फार बाजूने येत असेल तर त्याच्या खालीही लावू नका.

वरच्या मार्कला निदान मिनिटभर आधी स्टारबोर्ड टॅकवर या. यासाठी लेलाईनवर दोन लांबी जास्त गेल्या तरी जाऊ द्या. या मिनिटात पुढचा पोल लावून येतो आणि पुन्हा रेलवर बसतो. पोर्टने (वारा डाव्या कडेवरून घेत) येऊन मार्कवरच टॅक घेतलात तर पोल आधी लावता येत नाही आणि तुमचं नेहमीचं संकट पुन्हा उभं राहतं. शिवाय स्टारबोर्डच्या बोटींच्या रांगेत घुसताना चूक झाली तर दोन वळणांची शिक्षा, आणि ती तिघांना फार महागात पडते.

मार्क वळल्यावर लगेच स्पिनेकर चढवू नका. मेन सोडा, जेनोआ तसाच राहू द्या, तीन-चार लांबी सरळ जा. या दहा सेकंदांत हेल्म आणि पुढचा दोघेही मागे बघतात: कोण वर जातंय, कोण आपला वारा घेणार आहे, कोणत्या बाजूला जायचं. मग चढवायचा. पुढचा हॅलयार्ड ओढतो, मधला गाय ओढून शिडाचा कोपरा पोलपर्यंत आणतो. हेल्म टिलर गुडघ्यांत धरून स्पिनेकरची शीट तेवढ्यापुरती हातात घेतो, कारण त्याची मान आपोआप वरच असते. हॅलयार्डची खूण आली की मधला शीट घेतो आणि त्यानंतरच जेनोआ खाली. यात तुमच्या दोन लांबी जातील. पाण्यात गेलेल्या स्पिनेकरने किती जातात ते तुम्ही बघितलंच आहे.

जाइब (वाऱ्याबरोबर जाताना शिडं दुसऱ्या बाजूला घेणं) लेगला एकच. मधल्याने दोन्ही शीट दोन हातांत धरून शीड भरलेलं ठेवायचं, हेल्मने बोट शिडाखाली राहील अशी हळू वळवत बूम (मेनसेलखालचा आडवा दांडा) हाताने पलीकडे टाकायचा, पुढच्याने पोल बदलायचा. पोल लागला हे पुढच्याने मोठ्याने सांगेपर्यंत हेल्मने नवीन दिशेला वर चढायचं नाही.

उतरवायचा मात्र लवकर. खालच्या मार्कच्या २०० मीटर आधी सुरुवात करा, ओढ मार्ककडे नेत असेल तर त्याहून आधी. क्रम असा: जेनोआ वर, मग पुढचा कॅबिनच्या दारात उभा राहून बूमखालून स्पिनेकरची सैल कड हातात घेतो, आणि कड हातात आल्याचं तो मोठ्याने सांगतो. ते ऐकल्यावरच मधल्याने गाय सोडायची, आणि शीड सैल पडल्यावर हॅलयार्ड, तोही हातातून सरकवत, एकदम मोकळा नाही. तुमचा स्पिनेकर दोन्ही वेळा उतरवताना गेला असेल तर माझा अंदाज असा की हॅलयार्ड कड हातात यायच्या आधी सुटला. पोल शेवटी, मार्क वळल्यावर काढला तरी चालतो, लगेच टॅक घ्यायचा नसेल तर.

हा सगळा क्रम शर्यतीत शिकायचा नसतो. शर्यत नसलेल्या दुपारी हलक्या वाऱ्यात चढवणं-उतरवणं एवढंच करा, तिघांनी जागा न बदलता. त्याच बरोबर अधूनमधून दोघा-दोघांनी डिंगीवर (छोट्या हलक्या शिडाच्या बोटीवर) जा. १९८२ च्या एशियाडच्या शिडाच्या शर्यती आपल्या मुंबईतच झाल्या आणि फायरबॉल या दोघांच्या बोटीत फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्ण मिळवलं. कमी माणसांनी, कमी शब्दांत, नजर बाहेर ठेवून बोट चालवायची सवय डिंगीवर जेवढी लवकर लागते तेवढी कीलबोटीवर लागत नाही.

सुरक्षेबद्दल दोन गोष्टी

तिघांपैकी एक पाण्यात गेला तर बोटीवर दोघेच उरतात, त्यातला एक टिलरवर आणि एक पाण्यातल्या माणसाकडे बोट दाखवत. म्हणून लाइफ जॅकेट कायम अंगावर, आणि माणूस उचलून घ्यायचा सराव वर्षातून एकदा तरी. दुसरं, मांडव्याच्या फेरीबोटी आणि न्हावा-शेव्याची मोठी जहाजं शर्यत बघून थांबत नाहीत, आणि जहाजांच्या मार्गात त्यांना अडथळा करायचा हक्क शिडाच्या छोट्या बोटीला नाही. बाहेर बघणाऱ्याने त्यांची वर्दी बाकी बोटींच्या आधी द्यायची.

पाणी तिघांसाठी भरपूर घ्या, ऑक्टोबरात तर जास्तच. तहानलेला माणूस आधी बोलायचं बंद करतो, आणि तुमच्या बोटीवर पुढचा गप्प झाला की बाहेर बघणारं कोणी उरत नाही.

चौथ्या माणसाबद्दल. ताकदवान माणूस शोधू नका. डिंगी चालवलेला, साठ-सत्तर किलोचा, शांत डोक्याचा कोणीही चालेल. त्याला पुढच्याच्या जागी टाकू नका, पुढच्याकडे आता नजर आणि बोलणं दोन्ही बसत चाललेलं असेल. नव्याला मधल्याच्या शेजारी ठेवा, जेनोआची शीट द्या, आणि स्पिनेकर वर असताना त्याने मागे तोंड करून बसावं: मागून येणाऱ्या बोटी आणि पाण्यावर काळसर दिसणारे वाऱ्याचे झोत एवढंच सांगायचं. पहिल्या दोन-तीन रविवारी त्याच्याकडून याहून जास्त मागू नका.